कोणत्या दिशेला बहिरं व्हायचं

इमारतींच्या गच्च्यांवर अलीकडे एक नवीन खोकं दिसू लागलं आहे. आधीच्या पिढीच्या मोबाइल अँटेना उभ्या, अरुंद, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्या असत. हे खोकं त्यांच्यापेक्षा बुटकं आणि रुंद. पाठीला धातूचे उभे पंख, आतल्या विद्युत मंडलांची उष्णता हवेत टाकण्यासाठी. समोरचं झाकण मात्र सपाट, त्यावर बघण्यासारखं काहीच नाही. खरी गंमत त्या झाकणामागे आहे. तिथे धातूच्या छोट्या अँटेना आडव्या-उभ्या ओळींत बसवलेल्या असतात. फाइव्ह-जीच्या मोठ्या खोक्यातली नेहमीची मांडणी १९२ अँटेनांची असते. त्यातली एकही जागची हलत नाही. खोक्यात मोटर नाही, बिजागरी नाही. तरीही त्यातून निघणारा रेडिओलहरींचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागात या इमारतीकडून त्या बसथांब्याकडे वळू शकतो. एवढंच नाही, तर नको असलेल्या दिशेला ते खोकं जवळजवळ पूर्ण बहिरं होऊ शकतं. माझ्या मते या तंत्राचं मोठेपण या दुसऱ्या गुणात आहे, आणि त्याच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

अँटेना न हलवता झोत वळवण्याची कल्पना जवळजवळ रेडिओइतकीच जुनी आहे. जुन्या टीव्हीतली चित्रनळी ज्याच्या शोधातून आली, तो कार्ल फर्डिनांड ब्राउन १९०५ साली स्ट्रासबुर्गला प्राध्यापक होता. त्याने तीन उभ्या अँटेना त्रिकोणाच्या टोकांवर रोवल्या आणि त्यातल्या एकीला मिळणारी लहर पाव आवर्तनाने मागे ठेवली. प्रक्षेपण एका बाजूला जास्त आणि विरुद्ध बाजूला फारच कमी होऊ लागलं. मग कोणती अँटेना मागे ठेवायची एवढंच बदलून त्याने ती दिशा फिरवून दाखवली. चार वर्षांनी त्याला मार्कोनीबरोबर नोबेल मिळालं. मार्कोनीचं नाव घरोघरी पोचलं, ब्राउनचे ते तीन खांब मात्र इतिहासाच्या पुस्तकांतही शोधावे लागतात.

हे घडतं कसं, ते आकडे हातात घेऊन पाहिलं की लगेच उलगडतं. भारतात फाइव्ह-जीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. या लहरीची लांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, सुमारे ८.६ सेंटिमीटर भरते. समजा दोन अँटेना तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे ४.३ सेंटिमीटरवर, शेजारी-शेजारी ठेवल्या. लहर अगदी समोरून आली तर ती दोघींना एकाच क्षणी गाठते. दोन्ही सिग्नल शिखरावर शिखर असे जुळतात आणि बेरीज दुप्पट होते. तीच लहर ३० अंश तिरकी आली तर दुसऱ्या अँटेनापर्यंत तिला आणखी २.१५ सेंटिमीटर जावं लागतं, म्हणजे तरंगलांबीचा पाव हिस्सा. तंत्रज्ञांच्या भाषेत फेजमध्ये ९० अंशांचा फरक. आता पहिल्या अँटेनाचा सिग्नल पाव आवर्तन थांबवून ठेवला आणि मग बेरीज केली, तर त्या तिरक्या दिशेचे सिग्नल जुळतात. अँटेना जागच्या जागी राहिल्या, तारेतला विलंब तेवढा बदलला आणि त्यांचं लक्ष ३० अंश वळलं. प्रक्षेपण करतानाही गणित तेच, कारण जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरीला एकच नियम लागू होतो.

दोनाऐवजी आठ अँटेना एका ओळीत ठेवल्या की झोत सुमारे १३ अंशांइतका बारीक होतो, सोळा ठेवल्या तर त्याच्याही निम्मा. इथे कुणाला वाटेल, की अँटेना कमी ठेवून त्यांच्यातलं अंतरच वाढवलं तर? रांग लांब होईल आणि झोतही बारीक होईल. आराखडा करणाऱ्याचा पहिला कस इथेच लागतो. अंतर एक पूर्ण तरंगलांबी ठेवलं आणि झोत ३० अंश उजवीकडे वळवला, तर अगदी तेवढ्याच ताकदीचा दुसरा झोत ३० अंश डावीकडे आपोआप निघतो. दोन्ही दिशांत शिखरं सारखीच जुळतात आणि रांगेला उजवं-डावं कळत नाही. हा जुळा झोत नकोच असेल तर अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या फार पुढे नेता येत नाही. उभ्या दिशेत थोडी मोकळीक असते, कारण मोबाइल वापरणारे रस्त्यावर किंवा इमारतीच्या मजल्यांवर असतात, त्यामुळे वर-खाली झोत फारसा वळवावा लागत नाही. म्हणून त्या खोक्यात उभ्या अंतरात जरा सैल हात ठेवतात आणि एकाखाली एक अशा तीन अँटेना मिळून एकच वाहिनी करतात. १९२ अँटेना आणि ६४ वाहिन्या हा हिशेब तिथून येतो. प्रत्येक वाहिनीला स्वतःचा प्रक्षेपक आणि ग्राहक लागतो, पैसा आणि उष्णता दोन्ही तिथेच खर्च होतात. पाठीचे ते पंख उगाच नाहीत.

झोत बारीक झाला म्हणजे काम संपलं असं मात्र होत नाही. सगळ्या अँटेना सारख्याच जोराने चालवल्या तर मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे-छोटे झोत निघतात, आणि त्यातल्या पहिल्याची ताकद मुख्य झोताच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकी असते. विसावा हिस्सा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दूरवरच्या मोबाइलचा क्षीण सिग्नल ऐकायचा आहे आणि बाजूच्या त्या छोट्या झोतात हजारपट जोरदार दुसरा प्रक्षेपक बसला आहे असं समजा. विसाव्या हिश्शाने कापूनही तो पन्नासपट वरचढच राहतो. रांगेच्या टोकांच्या अँटेनांचा आवाज हळूहळू कमी करत नेला तर बाजूचे झोत दबतात, पण मुख्य झोत रुंदावतो. १९४६ साली सी. एल. डॉल्फने या देवाणघेवाणीतला सर्वांत फायदेशीर सौदा गणिताने ठरवून दिला. तरीही तो सौदाच होता, आणि त्यात सगळ्या दिशा सारख्याच वागवल्या जात होत्या. जो खरोखर त्रास देतो आहे त्याच्यासाठी वेगळं काही करता येईल का?

करता येतं, आणि त्यासाठी पुन्हा त्या दोन अँटेनांकडेच येऊ. हवा असलेला सिग्नल समोरून येतो आहे, नको असलेला ३० अंशांवरून. नकोसा सिग्नल दुसऱ्या अँटेनावर पाव आवर्तन उशिरा पोचतो. आता तिथे मुद्दाम आणखी पाव आवर्तन उशीर करायचा. एकूण उशीर अर्ध्या आवर्तनाचा झाला, म्हणजे एकीवर शिखर असताना दुसरीवर बरोबर दरी. बेरीज शून्य. नकोसा सिग्नल कितीही जोरदार असो, हजारपट असो की लाखपट, तो स्वतःच स्वतःला खोडतो. हव्या सिग्नलचं काय झालं? तो दोन्हीकडे एकाच वेळी आला होता, आपण एकीकडे पाव आवर्तनाचा उशीर घातला, म्हणून त्याची बेरीज २ ऐवजी १.४१ झाली. शक्तीच्या भाषेत निम्मी गमावली. पण समोर लाखपट गोंगाट नाहीसा झाला असताना निम्म्या शक्तीची किंमत कुणीही आनंदाने मोजेल. शिवाय अँटेना वाढल्या की ही किंमतही उतरते. आठ अँटेनांची रांग एका दिशेला कान देऊन सात दिशांना बहिरी होऊ शकते, आणि गमावलेली शक्ती बहुतेक वेळा किरकोळ असते.

अडचण एवढीच, की नकोसा सिग्नल ३० अंशांवरून येतो आहे हे रांगेला सांगणार कोण? तो जागा बदलतो, नवे येतात, जुने थांबतात. विलंब कारखान्यात ठरवून मोकळं होता येत नाही. रांगेने ते स्वतः, काम चालू असताना शोधायला हवेत.

याची सुरुवात रडारपासून झाली. शत्रूच्या विमानाने जोरदार गोंगाट प्रक्षेपित केला की तो रडारच्या बाजूच्या झोतांतून आत शिरे आणि पडदा आंधळा होई. अमेरिकेतल्या पॉल हॉवेल्सने मोठ्या अँटेनाशेजारी एक साधी छोटी अँटेना ठेवली. तिला प्रामुख्याने गोंगाटच ऐकू येई. तिचा सिग्नल योग्य उंचीचा आणि योग्य फेजचा करून मोठ्या अँटेनाच्या सिग्नलमधून वजा केला, की उरे ते कामाचं. उंची आणि फेज किती हवी हे मंडल स्वतःच उरलेल्या गोंगाटाकडे बघून सुधारत राही. त्याच्या या युक्तीला १९६५ साली पेटंट मिळालं, आणि पुढच्याच वर्षी सिडनी ॲपलबॉमने तिच्यामागचं सर्वसाधारण गणित मांडलं.

अमेरिकन अभियंता बर्नार्ड विड्रोने मात्र वेगळी वाट धरली. १९६० साली त्याने आणि त्याचा विद्यार्थी टेड हॉफ याने यंत्राला चुकांमधून शिकवायची एक विलक्षण सोपी रीत शोधली होती. हाच हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक झाला. १९६७ साली विड्रो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती रीत अँटेनांच्या रांगेला लावली. पाठवणारा आणि ऐकणारा यांनी एक ठरावीक खुणेचा सिग्नल आधीच ठरवून ठेवायचा. रांगेच्या बेरजेतून बाहेर आलेलं आणि प्रत्यक्षात यायला हवं होतं ते, यांतला फरक दर क्षणी काढायचा. प्रत्येक अँटेनाला एक गुणक असतो, तिचा सिग्नल किती मोठा करायचा आणि किती मागे-पुढे सरकवायचा हे ठरवणारा. फरकाच्या प्रमाणात प्रत्येक गुणक जरासा हलवायचा, फरक घटेल त्या बाजूला, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. हवा सिग्नल कुठून येतो हे रांगेला माहीत नसतं, नकोसा कुठून येतो हेही नसतं. तरी गुणक स्थिरावतात तेव्हा हव्या दिशेला झोत आणि नकोशा दिशांना शून्य तयार झालेलं असतं. आज तुमच्या मोबाइलमधून टॉवरकडे सतत जाणारे खुणेचे सिग्नल म्हणजे याच कल्पनेची पुढची पिढी.

यापुढचा धागा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने भारताची आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडवली. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांच्यासह जवळपास दोनशे अधिकारी-नौसैनिक गेले. पाणबुडी वेळेवर ऐकू न येणं म्हणजे काय, हे नौदलाला त्या रात्री फार मोठी किंमत देऊन कळलं. त्यानंतर नौदलाच्या एका तरुण अभियंता अधिकाऱ्याकडे ब्रिटिश बनावटीच्या सोनारमध्ये, म्हणजे पाण्यातल्या ध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेत, सुधारणा करायचं काम आलं. त्याचं नाव आरोग्यस्वामी पॉलराज. मूळचा तामिळनाडूतल्या पोल्लाचीचा, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेला, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६६ साली पदवी घेतलेला. पुढे १९७७ ते १९८३ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली आप्सो हे संपूर्ण भारतीय बनावटीचं सोनार तयार झालं आणि नौदलाच्या युद्धनौकांवर बसलं.

सोनार आणि मोबाइलचा संबंध काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. ६,००० हर्ट्झचा ध्वनी समुद्राच्या पाण्यात जातो तेव्हा त्याची तरंगलांबी २५ सेंटिमीटर असते. १,२०० मेगाहर्ट्झची रेडिओलहर हवेतून जाते तेव्हा तिचीही बरोबर २५ सेंटिमीटर. म्हणजे जहाजाच्या तळाशी ध्वनिग्राहकांची जी मांडणी चालते, तीच मोजमापं जशीच्या तशी उचलून अँटेनांसाठी वापरता येतील. विलंब, बेरीज, शून्य, गुणक, सगळं तेच. फरक वेगाचा. समुद्रात हिशेबाला जेवढा वेळ मिळतो त्याच्या दोन लाखाव्या हिश्शात तो हवेत उरकावा लागतो. खवळलेल्या समुद्रात जहाजाच्या स्वतःच्या पंख्याचा आवाज टाळून पाणबुडी ऐकायला शिकलेल्या माणसाने पुढे शहरातल्या मोबाइलच्या गर्दीला हात घातला, यात मला योगायोग दिसत नाही.

पॉलराज १९८० च्या दशकात स्टॅनफर्डला थॉमस कैलाथ यांच्याकडे गेले. कैलाथ मल्याळी घरातले, पण जन्म पुण्याचा, १९३५ चा. शाळा सेंट व्हिन्सेंट, पदवी पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाची. तिथून ते एमआयटीला गेले आणि सिग्नलच्या गणितात जगातल्या अग्रगण्य नावांपैकी एक झाले. या दोघांनी रिचर्ड रॉय या विद्यार्थ्यासह एस्प्रिट नावाची रीत बसवली. रांगेचे दोन सारखे गट करायचे, एक दुसऱ्यापासून ठरावीक अंतरावर सरकवलेला. दोन्ही गटांत तोच सिग्नल किती फेज-फरकाने येतो त्यावरून त्याची दिशा काढायची. या रीतीत प्रत्येक अँटेनाचा स्वभाव आधी बारकाईने मोजून ठेवावा लागत नाही, दोन्ही गट एकसारखे असले की पुरे. प्रत्यक्ष यंत्र बांधणाऱ्याला ही सवलत केवढी मोठी वाटते, हे कागदावरचं समीकरण पाहून कळत नाही.

नौदलातून निवृत्त होऊन १९९१ च्या सुमारास पॉलराज स्टॅनफर्डला स्थायिक झाले. एकाच वारंवारतेवरचे दोन सिग्नल अँटेनांच्या रांगेने वेगळे करण्याचं काम ते तिथे करत होते. सगळ्यांची समजूत अशी, की लहर इमारतींवर, टेकड्यांवर आपटून दहा वाटांनी आली की गोंधळ होतो आणि संपर्क बिघडतो. पॉलराज यांच्या लक्षात आलं ते उलटंच. दोन प्रक्षेपक एकमेकांजवळ असले तर मोकळ्या मैदानात त्यांच्या लहरी जवळजवळ एकाच दिशेने येतात आणि रांगेला ते वेगळे करता येत नाहीत. पण वाटेत पुरेशी आपटाआपट झाली, की प्रत्येकाच्या लहरी आपापल्या वेगळ्या मिश्रणाने रांगेवर उतरतात. मग एकाच्या मिश्रणाला कान देऊन दुसऱ्याच्या मिश्रणाला बहिरं होता येतं. तसं असेल तर एकाच यंत्रावर दोन-चार अँटेना लावून, त्याच वारंवारतेवर, त्याच क्षणी वेगवेगळी माहिती का पाठवू नये? पॉलराज आणि कैलाथ यांना या कल्पनेचं पेटंट १९९४ साली मिळालं. तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. आज घरातल्या वाय-फायच्या डबीपासून फोर-जी आणि फाइव्ह-जीपर्यंत सगळीकडे ती रुजली आहे. पॉलराज यांना २०१० साली पद्मभूषण आणि २०१४ साली मार्कोनी पारितोषिक मिळालं. लोणावळ्यात शिकलेला नौदल अधिकारी आणि पुण्यात शिकलेला गणिती यांनी मिळून घातलेल्या पायावर जगभरचे फोन चालतात, हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा गच्चीवरच्या खोक्याकडे. त्याला काम करायचं तर आपल्याच अँटेनांवर भरवसा ठेवता आला पाहिजे. ३.५ गिगाहर्ट्झची लहर केबलमधून हवेपेक्षा सावकाश जाते, तिथे तिची लांबी ६ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे एका वाहिनीची केबल दुसरीपेक्षा एक सेंटिमीटर लांब झाली तर फेज ६० अंशांनी ढळतो. ६० अंशांच्या चुकीवर शून्य तयार होणं अशक्य. त्यात मे महिन्याच्या उन्हात तापलेले ॲम्प्लिफायर आपापला फेज थोडा-थोडा बदलत असतात. म्हणून खोकं ठरावीक वेळाने स्वतःचीच तपासणी करतं. एका वाहिनीतून ओळखीचा सिग्नल सोडून बाकीच्यांनी तो कसा ऐकला हे पाहतं आणि गुणक दुरुस्त करून घेतं. हेच नारायणगावजवळच्या खोडदलाही करावं लागतं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओस्पंद देणारा तारा, पाहायचा असला की त्यांचेही सिग्नल फेज जुळवून एकत्र केले जातात. त्यासाठी आधी तबकड्या आकाशातल्या एका ओळखीच्या रेडिओस्रोताकडे रोखून फेज लावून घेतात. काही वेळाने तो ढळतो, पुन्हा लावतात. खोक्याची रांग हातभर रुंद, इथली पंचवीस किलोमीटर, पण दुखणंही एकच आणि औषधही एकच.

दुसरा प्रश्न मोबाइलच्या बाजूचा. टॉवरने ६४ वाहिन्यांचे गुणक ठरवायचे तर मोबाइलपर्यंतच्या ६४ वाटा माहीत हव्यात. भारतातल्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाणं आणि येणं एकाच वारंवारतेवर, आळीपाळीने होतं. त्यामुळे मोबाइलने पाठवलेली खूण टॉवरच्या ६४ वाहिन्यांवर कशी पोचली हे मोजलं, की टॉवरकडून मोबाइलकडे जाणारी वाटही कळते. वेगळं विचारावं लागत नाही. २०१० साली बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेटा यांनी दाखवून दिलं, की या सोयीचा फायदा घेतला तर टॉवरवरच्या अँटेना शेकड्यांनी वाढवता येतील आणि एकाच क्षणी, एकाच वारंवारतेवर अनेक मोबाइलना वेगवेगळी माहिती देता येईल, प्रत्येकाचा झोत दुसऱ्याच्या जागी जवळजवळ शून्य ठेवून.

हे सगळं मोबाइल जागेवर असेपर्यंत ठीक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी घ्या. ती सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. टॉवर ५०० मीटरवर असेल तर टॉवरच्या दृष्टीने तिची दिशा सेकंदाला फार तर सुमारे तीन अंशांनी बदलते. १३ अंशांचा झोत तिला आरामात धरून ठेवेल. पण त्याच गाडीतला मोबाइल अर्धी तरंगलांबी, म्हणजे ४.३ सेंटिमीटर, दीड मिलिसेकंदात ओलांडतो. तेवढ्यात घाटाच्या कड्यावरून, बाजूच्या ट्रकवरून आपटून आलेल्या लहरींचे आपसांतले फेज पार बदललेले असतात. झोत त्या बदलाला पुरून उरतो, कारण त्याला दिशा अदमासे बरोबर असली तरी चालते. शून्य मात्र जागच्या जागी विरतं, कारण ते शिखर आणि दरी यांच्या तंतोतंत बरोबरीवर उभं असतं आणि जुन्या मोजणीवर ही बरोबरी टिकत नाही. म्हणून वेगवान गाडीतल्या मोबाइलसाठी टॉवर सहसा रुंद, आधीपासून ठरवून ठेवलेला झोत वापरतो आणि त्याला शेजाऱ्यांपासून वेगळी वारंवारता किंवा वेगळा क्षण देतो. एकाच क्षणी अनेकांना देण्याची आणि बाकीच्यांना बहिरं राहण्याची कसरत तो घरात, कचेरीत, फलाटावर थांबलेल्यांसाठी राखून ठेवतो.